पॅराडिडलने ठेका हलतो म्हणे! बेळगावच्या ग्रुपांवर फिरणाऱ्या ऑडिओला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाजवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ऑडिओ जोरात फिरतोय. आवाज कुणा जुन्या बेंजोवाल्याचा वाटतो. सांगणं थोडक्यात असं: “ते रुडिमेंट-बिडिमेंट कशाला पायजे रे पोरांनो? ती गोऱ्या फौजेची कवायत. ताशेवाला कुठल्या पुस्तकात शिकला? पॅराडिडल ठेक्यात घातलास की ठेका हलतोय, नाचणारा थांबतोय. फिलिंगला सिंगल हात पळाला की झालं. आणि आता ऑक्टोपॅड आलाय मर्दा, कुठला हात पडालाय ते कोण बघालंय?”

रुडिमेंट म्हणजे ड्रमवर उजव्या-डाव्या हाताने मारायचे ठरलेले क्रम, आणि पॅराडिडल त्यातलाच एक. सिंगल म्हणजे साधे एकाआड एक हात, फिलिंग किंवा फिल म्हणजे ओळ संपताना भरायचे मार, आणि ऑक्टोपॅड म्हणजे आठ पॅडचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. बोलणं ठसक्यात आहे, म्हणून लोकांना पटतंय. नुकतीच काठी धरलेली पोरंही आता हेच ऐकवायला लागली आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो. त्यातला एक अर्धा खरा आहे, तोही सांगतो.

“गोऱ्या फौजेची कवायत.” हो, उगम तिथलाच. पायदळाला चाल देणाऱ्या साइड ड्रमवर हे क्रम घडले. अमेरिकेतल्या ड्रमवाल्यांनी १९३३ साली शिकागोत बसून त्यांची यादी पक्की केली. ती पुढे २६ ची झाली आणि १९८४ मध्ये ४० ची. आज क्लासमध्ये भिंतीवर लावलेली असते ती हीच ४० ची यादी. पण मग ड्रम किट कुठून आला? मिरवणुकीच्या बँडमध्ये बेस ड्रम एकाच्या गळ्यात, साइड ड्रम दुसऱ्याच्या, झांजा तिसऱ्याच्या. ते सगळं एका स्टुलाभोवती मांडून एकाच माणसाने वाजवायचं ठरवलं, तो किट. लुडविगने १९०९ मध्ये पायाचं पेडल बाजारात आणलं आणि दोन्ही हात स्नेअरला, म्हणजे किटमधल्या साइड ड्रमला, मोकळे झाले. म्हणजे स्नेअर आणि तिचे रुडिमेंट एकाच गाडीतून उतरले आहेत. स्नेअर ठेवून घ्यायची आणि रुडिमेंट परदेशी म्हणून परत पाठवायचे, हे कसं जमणार?

आणि परकेपणाचंच म्हणाल, तर बेंजो पार्टीतला बेंजो, म्हणजे बुलबुल तरंग, जपानी ताइशोगोतोचा वंशज आहे. बटणांच्या त्या जपानी वाद्याला आपण पिकअप लावला, ॲम्प्लिफायर जोडला आणि त्यावर मराठी, कानडी, कोकणी, सगळी गाणी वाजवली. तो चालतो.

फौजेचं म्हणून नाक मुरडणं तर बेळगावात फारच विनोदी दिसतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आपल्या कॅम्पात आहे. मिलिटरी बँडचा साइड ड्रम जवळून ऐकायला मिळाला तर चालीवर कान ठेवा. पावलागणिक येणारा मार ठळक आणि मधले सगळे मार दबलेले. ठेका हलत असता तर शेकडो पावलं त्यावर एकत्र पडली नसती.

“ताशेवाला कुठल्या पुस्तकात शिकला?” पुस्तकात नाहीच शिकला. मोठ्या ताशेवाल्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्या हातांकडे डोळे लावून शिकला. तर्री सुरू असताना नवशिक्याचा हात उलटा पडला की शेजारचा लगेच डोळे वटारतो. हातांचा क्रम तिथेही ठरलेला असतो, त्याला भिंतीवरचा तक्ता नसतो इतकंच.

तबल्याकडे बघितलं तर हा मुद्दा उरतच नाही. ‘तिरकिट’ कुठल्या बोटाने वाजवायचं याबद्दल गुरुजी किती कडक असतात, हे शिकलेल्या कुणालाही विचारा. आणि ‘धा धा तिट धा धा तूना’ हा कायदा (तबल्यातली ठरलेली बोलरचना) घेऊन त्याचे पलटे करायचे, म्हणजे तेच बोल इकडचे तिकडे फिरवून नवी ओळ बांधायची. पॅराडिडल किटवर वापरणं हे याच्याच जवळचं काम आहे, आणि इथून पुढचं त्याच अंगाने सांगतो.

“पॅराडिडल घातला की ठेका हलतो.” हाच तो अर्धा खरा मुद्दा. यावर जरा थांबू.

उ म्हणजे उजवा हात आणि डा म्हणजे डावा. पॅराडिडल असा: उ डा उ उ, डा उ डा डा. आठ मार. प्रत्येक बीटला चार मार धरले तर दोन बीट भरतात. उजवा हात हाय-हॅटवर (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीवर) ठेवा, डावा स्नेअरवर, आणि हळू वाजवा. पहिला मार उजव्याचा, तो पहिल्या बीटवर. पाचवा मार डाव्याचा, तो बरोबर दुसऱ्या बीटवर, म्हणजे जिथे बॅकबीट (दोन आणि चारवरचा ठळक ठोका) हवा तिथे. पुढच्या फेरीत तसंच तिसऱ्या आणि चौथ्या बीटवर. दोन आणि चारचा ठोका स्वतःहून डाव्या हातात आला. आता हेच आठ मार हाय-हॅटवर साध्या एकाआड एक हाताने वाजवून बघा. पाचवा मार उजव्याचाच येतो. त्याला हाय-हॅट सोडून स्नेअरवर उतरावं लागतं आणि परत वर जावं लागतं. तसंही वाजवतात, छान वाजतं, पण दोन्ही हात हाय-हॅटवर अडकल्यामुळे स्नेअरवरच्या बारीक घोस्ट नोट (जेमतेम ऐकू येणारे हलके मार) वाजवायला हात उरत नाही.

आता पलटे. पॅराडिडल पहिल्याऐवजी दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्या मारापासून सुरू करा, आणि सुरुवात डाव्याने होत असेल तर हात उलटे करून घ्या. उ डा डा उ, डा उ उ डा. किंवा उ उ डा उ, डा डा उ डा. किंवा उ डा उ डा, डा उ डा उ. तिन्हींत पाचवा मार डाव्याचाच येतो, कारण दुसरे चार मार हे पहिल्या चारांचंच उलटं प्रतिबिंब आहेत. बॅकबीट कुठेच हलत नाही. हलतात त्या फक्त घोस्ट नोट आणि हाय-हॅटच्या जागा. एका क्रमातून असे चार ठेके निघतात. भजनी ठेका आणि केरवा, दोन्ही आठ मात्रांचे, त्यामुळे आपल्या कानाला या लांबीची सवय आधीपासूनच आहे.

मग ऑडिओवाल्याला ठेका हलल्यासारखा का वाटतो? दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे आवाज. क्लासमध्ये पॅडवर सगळे मार सारख्या आवाजात वाजवायची सवय लावतात, आणि पोरं तीच सवय घेऊन किटवर बसतात. डाव्याचे चारही मार सारखे जोरात पडले की चार बॅकबीट ऐकू येतात, आणि मग नाचणारा गोंधळणारच. दुसरा, सातवा आणि आठवा मार स्नेअरच्या कातड्यापासून काठी जेमतेम दोन बोटं उचलून वाजवायचा, पाचवा मात्र हात वर नेऊन. अवघड जागा पाचव्यानंतरची आहे. जोरात मारलेली काठी उसळून वर जाते आणि लगेच दोन हलके मार हवे असतात. मध्ये सहावा मार उजव्याचा आहे, तेवढ्यात डाव्याने काठी खाली आवरून धरायची. रियाज करायचा तो या एका जागेचा. बाकी आठ मारांत अवघड असं काही नाही.

दुसरं कारण हाय-हॅटचं, आणि इथे ऑडिओवाल्याचा कान बरोबर आहे. उजव्याचे मार पहिला, तिसरा, चौथा आणि सहावा असे येतात. हाय-हॅटची जी सरळ ‘टिक-टिक-टिक-टिक’ नाचणाऱ्याला धरून ठेवते, ती पाचव्या आणि सातव्या जागी गायब होते. उघड्या रस्त्यावर, शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत हा ठेका मीही धरणार नाही. तिथे सरळ हाय-हॅट आणि दणदणीत किक (पायाने वाजणारा बेस ड्रम), बस्स. पण ऑर्केस्ट्रात कडवं सुरू झालं, गायक खालच्या आवाजात आला, की हाच ठेका गाण्याला श्वास देतो. टिक-टिक हवीच असेल तर डाव्या पायाने हाय-हॅटच्या पेडलवर प्रत्येक बीट धरा. आणि किक उजव्या हाताच्या मारांखालीच ठेवा, म्हणजे पाय भरकटत नाही. उदाहरणार्थ, पहिल्या फेरीत पहिल्या आणि चौथ्या मारावर, दुसऱ्या फेरीत फक्त तिसऱ्यावर. एवढ्यावर वाजवलेला ठेका ऐकून कुणी पॅराडिडल ओळखत नाही. त्याला नुसता चांगला ठेका म्हणतात.

कुणी विचारेल, नावाजलेल्या गाण्यात असं कुठे आहे? पॉल सायमनचं १९७५ चं ‘फिफ्टी वेज टू लीव्ह युअर लव्हर’ लोक ओळखतात ते स्टीव्ह गॅडच्या सुरुवातीच्या ड्रम्सवरून. गॅड अमेरिकन लष्कराच्या बँडमध्ये वाजवून आलेला. त्या ठेक्यात हाय-हॅट आणि स्नेअर यांत हातांचं जे वाटप आहे, त्यात मार्चिंग स्नेअरची सवय स्पष्ट ऐकू येते. फौजेची कवायत गाण्यात आली ती अशी.

वेगाचाही हिशेब करू. मिनिटाला १०० बीटचं गाणं, प्रत्येक बीटला चार मार, म्हणजे मिनिटाला ४००. एकट्या उजव्याने हाय-हॅटवर हे सगळे काढायचे तर दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत दंड भरून येतो. पॅराडिडलमध्ये दोन्ही हातांच्या वाट्याला २००-२०० येतात. रात्री दहापर्यंत वाजवायची सुपारी असेल तर हा फरक चांगलाच जाणवतो.

“फिलिंगला सिंगल हात पळाला की झालं.” बऱ्याच वेळा झालंच. स्नेअरवर चार, टॉमवर (किटमधल्या वरच्या ड्रमवर) चार, पुढच्या टॉमवर चार, फ्लोअर टॉमवर (जमिनीवरच्या मोठ्या टॉमवर) चार, आणि क्रॅश, म्हणजे मोठी झांज. सगळे जोरात, सगळे एकाआड एक. याला तोड नाही, आणि याच्या जागी पॅराडिडल कोंबणाऱ्याला मीही ओरडेन. पण हा एकच फिल प्रत्येक ओळीच्या शेवटी वाजला की गायकालाच तो पाठ होतो.

जिथे चारचे गट मोडायचे असतात तिथे सिंगल हात अडखळतो. प्रत्येक ड्रमवर तीन-तीन मार वाजवून बघा: उ डा उ, मग डा उ डा. दुसरा गट डाव्याने सुरू होतो, आणि उजवीकडच्या टॉमवर जाताना हात एकमेकांत अडकतात. त्याऐवजी उ डा डा, उ डा डा वाजवा. प्रत्येक गट उजव्याने सुरू होतो आणि वाट मोकळी राहते.

सहा मारांचा पॅराडिडल-डिडल यासाठी फार कामाचा आहे: उ डा उ उ डा डा. तो कायम उजव्यानेच सुरू होतो. उजवा हात फ्लोअर टॉमवर ठेवा, डावा स्नेअरवर, आणि सोळा मारांचा फिल सहा, सहा, चार असा भरा. फ्लोअर टॉमचे ठोके चारच्या चौकटीतून बाहेर पडल्यासारखे वाटतात आणि शेवटी अचूक जागेवर येतात. दादऱ्याच्या सहा मात्रांत तर एक आवर्तन सरळ बसतं. मात्र शेवटचे चार मार उ डा उ उ असे घेऊ नका. शेवटचा मार उजव्याचा आला तर त्याच हाताला एका मारात फ्लोअर टॉमवरून क्रॅशपर्यंत उडी मारावी लागते. तिथे साधे उ डा उ डा घ्या. सिंगल हात इथे कामाला येतो.

समेवर येण्यासाठी साधा पॅराडिडलही सोयीचा आहे. त्याचे शेवटचे दोन मार डाव्याचे. तेवढ्यात उजवा निवांत वर जातो आणि क्रॅशवर वेळेत पडतो. बहुतेक फिल बिघडतात ते शेवटच्या एका मारात, हात पोचत नाही म्हणून. त्यावर नुसता वेग वाढवून उपाय होत नाही.

आणखी एक करून बघा. पॅराडिडलचे जोडमार हातातून काढून किकला द्या: उ डा किक किक, डा उ किक किक. हात टॉमवर फिरवा. एका पेडलवर हे हळूच सुरू करावं लागतं, पायाला सलग दोन किकची सवय नसते. पण जमलं की छोट्या किटवरही मोठा आवाज निघतो. ऑडिओवाल्याला हेच ऐकवा. क्रम कुठला हे सांगूच नका.

“ऑक्टोपॅडवर कुठला हात पडतो कोण बघतो?” कुणी बघत नाही, खरं आहे. पण आठ पॅड चार-चारच्या दोन ओळींत असतात आणि प्रत्येकावर वेगळा आवाज: ढोलकी, डफ, स्नेअर, क्रॅश. जागा किटपेक्षा दाटीची असते, म्हणून हातांची टक्कर उलट जास्त होते. कुठला आवाज कुठल्या पॅडवर ठेवायचा हेच मुळात हातांच्या क्रमावर ठरवावं लागतं. बॅकबीट डाव्याचा असेल तर स्नेअर डावीकडच्या पॅडवर हवी. दुसऱ्याचं सेटिंग जसंच्या तसं उचललेल्यांचे हात कात्रीसारखे का होतात, ते यातून कळेल.

घोस्ट नोट ऑक्टोपॅडवर ऐकू येत नाहीत अशीही तक्रार असते. तेव्हा हाताला दोष देण्याआधी सेटिंग बघा. रस्त्यावरच्या दणदणाटात स्पीकरच्या हादऱ्याने पॅड आपोआप वाजू नये म्हणून थ्रेशोल्ड वाढवून ठेवलेला असतो. मग हलका मार यंत्र धरतच नाही. हॉलमधल्या कार्यक्रमाआधी तो खाली आणा, सगळे मार एकाच आवाजात निघतील असं सेटिंग असेल तर तेही बदला, आणि मग उ डा उ उ वाजवून बघा.