कोपरावरचं हेल्मेट

आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी हेल्मेटसक्तीचं भांडण पेटतं. कुणाच्या तरी मोबाइलवर चलन आलेलं असतं, आणि मग सुरू होतं: आधी खड्डे बुजवा, ४४ अंशांत डोक्यावर पातेलं घालून फिरून दाखवा, हॉर्न ऐकू येत नाही, केस गळतात. मी जर्मनीतल्या हॅनोव्हरहून दोन ओळी टाकल्या की ठरलेलं उत्तर, "तुला काय बे, तिकडं रस्त्यावरच एसी आहे."

उत्तर अगदीच खोटं नाही, म्हणून मी बरेच दिवस गप्प बसलो. यंदा मे महिन्यात तीन आठवडे सोलापुरात होतो. मावसभावाची गाडी वापरली, त्याचंच हेल्मेट घातलं, आणि दोन्हीकडची बाजू जरा वेगळी दिसायला लागली.

आधी ते हेल्मेट बघा. फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, वरून काळं चकचकीत. भाऊ होटगी रोडनं निघाला की ते कोपरात अडकवलेलं, सात रस्ता चौकातले पोलीस जवळ आले की डोक्यावर, पुढं गेलं की परत कोपरात. थांबला की आरशावर टांगायचं. मी आतलं कापड ओढून काढलं तर गालाचे पॅड खोबरेल तेलानं चिकट, काळे. त्याखालच्या थर्माकोलला आरशाच्या टोकानं बोटभर खड्डा पाडलेला. क्लिप तुटलेली, म्हणून पट्ट्याला गाठ. आणि काच? संध्याकाळी तुळजापूर रोडला लागलो, समोरून ट्रक आला आणि हेडलाइटचा सगळीकडं नुसता चांदणचुरा झाला. उसाची ट्रॉली पुढं असती तर दिसलीच नसती. मी काच वर केली, डोळ्यांत धूळ गेली, मग हेल्मेटच काढलं. परदेशातून शहाणपण शिकवणारा मी, बोडक्या डोक्यानं घरी आलो.

भाऊ म्हणाला, "बघ, मी काय म्हणत होतो?"

तो बरोबर होता. त्या हेल्मेटातून खरंच दिसत नव्हतं. पण दोष हेल्मेटच्या कल्पनेचा नव्हता. रोज कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की त्या धुळीचेच ओरखडे काचेवर उठतात. आधी ओलं फडकं पाच मिनिटं काचेवर टाकून ठेवायचं, चिकटलेले किडे सुटतात, मग पाण्यानं हलकेच पुसायचं. पेट्रोलनं किंवा थिनरनं तर मुळीच नाही, त्यानं काचेचं प्लॅस्टिकच खराब होतं. ओरखडे पडलेली काच बदलून मिळते, अख्खं हेल्मेट टाकावं लागत नाही.

हॅनोव्हरमध्ये मी पहिलं हेल्मेट घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं रंग विचारला नाही. भुवयांच्या वर शिंप्यासारखी टेप गुंडाळली, ५८ सेंटिमीटर म्हणाला, आणि हेल्मेट घालून मला पंधरा मिनिटं दुकानात फिरायला लावलं. गाल दाबले जात होते. "असंच पाहिजे," तो म्हणाला, "महिन्याभरात पॅड बसतात." मग हेल्मेट धरून हलवलं, तर कपाळाची कातडीही बरोबर हलली. हनुवटीखाली पट्ट्यात जेमतेम दोन बोटं गेली. काढल्यावर कपाळावर लाल वळ नाही, हे पाहिलं आणि मगच बिल केलं. आपल्याकडं लग्नाच्या शेरवानीला जेवढा वेळ देतो, तेवढा.

जर्मन जात्याच शहाणे आहेत असं मात्र कुणी समजू नये. तिथं हेल्मेट १९७६ पासून सक्तीचं, पण दंड १९८० पर्यंत नव्हताच. तो लागल्यावरच उरलेले वठणीवर आले. आज तो दंड आहे १५ युरो, साध्या हॉटेलातल्या एका जेवणाइतका. तरी इतक्या वर्षांत मला उघड्या डोक्याचा मोटरसायकलवाला दिसलेला नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर १००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशी तरतूद आहे. म्हणजे कागदावर आपण जास्त कडक. फरक असा की आमच्या ग्रुपवर चर्चा फक्त दंडाची होते, मापाची कुणी करत नाही.

फुल फेसच का, तर हॅनोव्हरच्याच अपघात संशोधकांनी हेल्मेटवर मार कुठं बसतो हे नोंदवलं, आणि जवळपास एक तृतीयांश मार हनुवटीच्या बाजूला निघाला. अर्धी टोपी तिथं काहीच करत नाही. मला हे पावसात ट्रामच्या रुळावर कळलं. वेग असेल वीस-पंचवीसचा, गाडी सरकली आणि मी हनुवटीवर घासत गेलो. हेल्मेटवर नुसता ओरखडा. मित्र म्हणाला, फेकून दे. आतला थर्माकोल एकदाच दबतो, त्यातच धक्का जिरतो, आणि तो परत फुगत नाही. बाहेरून काही कळत नाही. तीनशे युरोचं हेल्मेट! माझ्यातल्या सोलापूरकराला रात्रभर झोप नाही. सकाळी पट्टा कात्रीनं कापला आणि टाकलं, कापला अशासाठी की दुसऱ्या कुणी उचलून घालू नये.

उन्हाचं मात्र मी मान्य करतो. मे महिन्यात दुपारी नवी पेठेत खरेदी करत फिरताना फुल फेस म्हणजे शिक्षा आहे, तिथं चांगलं आयएसआयचं उघड्या तोंडाचं हेल्मेट मला चालतं. हायवेला नाही. हनुवटीचे आणि टाळूवरचे झरोके उघडे असले तर चालत्या गाडीवर वारा आत येऊन मागून निघतो. भावाच्या हेल्मेटचे झरोके धुळीनं गच्च बुजलेले होते. आत सुती टोपी घातली की तेल आणि घाम तिथंच राहतो, टोपी रोज धुता येते. पॅड कोमट पाण्यात बेबी शाम्पूनं धुवून सावलीत वाळवायचे, गच्चीवरच्या उन्हात नाही. हॉर्नचं म्हणाल तर वेगात हेल्मेट वाऱ्याचाही आवाज अडवतं, हे बोडक्यानं जाणाऱ्याला जाणवत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी भावाला नवीन घेऊन दिलं. तो लार्ज मागत होता, टेपनं मिडियम सांगितलं. आरशावर टांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. काल वहिनीला व्हिडिओ कॉल केला, तर मागं शोकेसमध्ये हेल्मेट, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.

"वापरत नाही का तो?" मी विचारलं.

"वापरतील की भाऊजी," वहिनी म्हणाली. "नवीन आहे ना, खराब होईल म्हणतात. सध्या जुनंच चाललंय."