सामान्य विज्ञान समजून न घेता पाठ करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

सगळ्यात आधी 'का' डोक्यातून काढून टाका. परीक्षा तलाठ्याची असो, पोलीस शिपायाची असो नाहीतर राज्यसेवेची पूर्व. तिथे 'काय', 'कोण', 'किती' आणि 'कधी' एवढीच मंडळी येतात. 'का'ला कुणी बोलावत नाही, कारण त्याचं उत्तर ओएमआर उत्तरपत्रिकेच्या गोळ्यात मावत नाही. ज्याला बोलावणंच नाही, त्याची उठबस तुम्ही कशाला करता?

साहित्य फार लागत नाही. अभ्यासिकेत पंख्याखालची जागा, एक पिवळा हायलायटर आणि वन-लाइनरचं, म्हणजे एकेका ओळीच्या उत्तरांचं, एखादं जाडजूड पुस्तक. मुखपृष्ठावर अणू, डीएनए आणि अग्निबाण एकमेकांच्या अंगावर चढलेले असले की पुस्तक चांगलं समजावं. हायलायटर पानभर फिरवा. शेवटी जेवढं पांढरं उरेल तेवढं सोडून द्या. ते स्पष्टीकरण असतं.

सुरुवात आम्लांपासून करा, ती निमूटपणे पाठ होतात. चिंच टार्टारिक, दही लॅक्टिक, लिंबू सायट्रिक, मुंगी फॉर्मिक, टोमॅटो ऑक्झॅलिक. आता टोमॅटोचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आणि थोडा मॅलिक आम्लाचा. ऑक्झॅलिक त्यात अगदी किरकोळ. पण शाळेच्या पुस्तकातल्या तक्त्यात टोमॅटोसमोर ऑक्झॅलिक छापलंय आणि तिथून ते गाइडागाइडांत उतरलंय. तेव्हा मेसच्या ताटातला टोमॅटो सायट्रिक आणि उत्तरपत्रिकेतला ऑक्झॅलिक, अशी दोन वेगळी वाणं समजा. पोटात आणि डोक्यात गल्लत होणार नाही.

उत्तरतालिकेवर श्रद्धा कशी असावी, हे मात्र गुणसूत्रांच्या इतिहासातून शिका. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, हे आज शाळेतलं पोरही सांगतं. १९२३ साली थिऑफिलस पेंटर या अमेरिकी शास्त्रज्ञानं सूक्ष्मदर्शकाखाली मोजून ४८ हा आकडा दिला. त्या काळच्या काचपट्टीवर गुणसूत्रं एकमेकांवर पडलेली, गुंतलेली दिसत. मोजणं म्हणजे निम्मा अंदाजच. पण आकडा एकदा पुस्तकात शिरला आणि पुढची तीस वर्षं मोजणाऱ्यांनाही ४८ च दिसत राहिली. स्वीडनमध्ये काही संशोधक माणसाच्या यकृताच्या पेशी तपासत होते. त्यांच्या काचपट्ट्यांवर पुन्हापुन्हा ४६ भरायची. मग त्यांनी काय केलं? उरलेली दोन काही केल्या सापडेनात, म्हणून ते कामच सोडून दिलं! याला म्हणतात खरा परीक्षार्थी. डोळ्यांना काहीही दिसो, उत्तरतालिका डोळ्यांपेक्षा मोठी.

विचका केला तो जो हिन चिओ नावाच्या जावा बेटावर जन्मलेल्या माणसानं. स्वीडनमधल्याच लुंडच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९५५ मध्ये त्यानं पेशी आधी क्षार कमी असलेल्या द्रावणात फुगवल्या. गुणसूत्रं सुटी सुटी पसरली, मोजली तर ४६. भला माणूस असता तर पुन्हा मोजून ४८ करून गप्प बसला असता. यानं पुढच्या वर्षी अल्बर्ट लेव्हान यांच्याबरोबर चक्क निबंध छापला, आणि त्या यकृतवाल्या मंडळींची हकिकतही त्यातच सांगून टाकली. अशा लोकांमुळे आवृत्त्या बदलतात आणि जुनं पुस्तक निम्म्या किमतीत घेणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचं नुकसान होतं, याचा विचार शास्त्रज्ञ कधी करणार?

इंद्रधनुष्याला वेळ घालवू नका. 'तानापिहिनिपाजा' म्हणा आणि पुढे चला. निळा आणि जांभळा यांच्या मधला तो 'पा', म्हणजे पारवा, आकाशात प्रत्यक्ष दिसतो का, हे पाहायला गच्चीवर जाऊ नका. न्यूटननंही आधी पाचच रंग मोजले होते. संगीतातल्या सात सुरांशी जुळावं म्हणून नारंगी आणि पारवा त्यानं मागाहून आत घेतले. रंग एकमेकांत विरघळत जातात, सीमारेषा कुठेच नसते, वगैरे कविता अभ्यासक्रमात नाही.

रक्तगट हा हमखास मार्कांचा भाग. सर्वदाता ओ, सर्वग्राही एबी, शोध लँडस्टायनर. बस. इथे एक अडचण मात्र आपल्याच मुंबईनं करून ठेवली आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी माणसं शोधून काढली की ज्यांच्या तांबड्या पेशींवर ए नाही, बी नाही आणि ज्या एच नावाच्या पायावर ए-बी उभे राहतात तो एचही नाही. साध्या तपासणीत हे लोक 'ओ' म्हणूनच निघतात. पण सर्वदात्या ओ गटाच्या पेशींवर एच भरपूर असतो, आणि यांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार बसलेली असतात. म्हणजे ओ गटाचं रक्त चढवलं तर जिवावर बेतायचं. यांना चालतं ते यांच्यासारख्यांचंच. जगभर या गटाला 'बॉम्बे' म्हणतात. तुम्ही काय करायचं? गोळा 'ओ' वरच काळा करायचा. रक्तपेढीत नोकरी लागली तर तेवढं आठवा. नाही लागली तर तेही नको.

आता जिव्हाळ्याचा प्रश्न : हेलियमचा शोध कुठे लागला? यावर मराठी माणसाची छाती फुगते आणि तोंडातून 'विजयदुर्ग' निघतं. किल्ल्यावर 'साहेबाचे ओटे' आहेत, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन होतो, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. उत्तर इतकं अभिमानाचं आहे की ते तपासणं म्हणजे घरच्या माणसाचा पंचनामा करण्यासारखं. तरी कुणी आगाऊपणे तपासलंच, तर पुढची पंचाईत होते.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं, हे खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन त्यासाठी गुंटूरला तळ ठोकून होता. सूर्याच्या कडेला उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटात, म्हणजे प्रकाश फाकून पडणाऱ्या रंगांच्या पट्ट्यात, त्याला इतक्या लखलखीत रेषा दिसल्या की या पाहायला ग्रहणाची गरजच नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यानं त्या पाहिल्याही. आणि ज्याच्या नावानं ते ओटे आहेत तो आपला साहेब, इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर? तो ऑगस्टमध्ये भारतात नव्हताच. २० ऑक्टोबरला, ग्रहणबिहण काही नसताना, त्यानं इंग्लंडातून हाच प्रयोग साधला. त्या वर्णपटातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून 'हेलियम' हे नाव पुढे आलं. अनेकांनी ते हसण्यावारी नेलं. १८९५ मध्ये विल्यम रॅमझीला तोच वायू एका युरेनियमच्या खनिजातून निघालेला सापडला आणि हसणं थांबलं.

मग साहेब विजयदुर्गला आलाच नाही? आला ना! २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला आला, मेल्पोमीन या युद्धनौकेचे खलाशी मदतीला घेऊन, भरपूर सरंजामानिशी. फक्त शोध लागून तीस वर्षं होत आली होती. एवढ्या तेवढ्या उशिरानं आपण उत्तर बदलत नसतो. त्याच ग्रहणाला पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला उपकरणं मांडून बसले होते आणि त्यांनी पुढे त्याचा रीतसर अहवालही छापला. त्यांचे ओटे प्रसिद्ध नाहीत, दिन साजरा होत नाही, वन-लाइनरही नाही. बिनधास्त विसरा.

'सर्वाधिक उपग्रह असलेला ग्रह कोणता' या प्रश्नाला मात्र श्रद्धा पुरत नाही, तिथे पंचांग लागतं. २०२३ च्या फेब्रुवारीत गुरू शनीच्या पुढे गेला. बिचाऱ्या क्लासवाल्यांनी नोट्स सुधारून झेरॉक्सला दिल्या, तर मे महिन्यात शनी १४५ वर. मार्च २०२५ मध्ये त्याच्या नावावर आणखी १२८ चढले, एकूण २७४. यातले बहुतेक काही किलोमीटरचे दगडच, पण मोजणीत दगडाचंही एक मत असतं. नियम सोपा : प्रश्न काढणाऱ्याच्या कपाटात कुठल्या सालचं पुस्तक असेल याचा अंदाज घ्या आणि त्या सालचा शनी लिहा. खरा शनी लिहिलात आणि तालिका जुनी निघाली, तर हरकत घ्यायची, पुरावा जोडायचा, अंतिम उत्तरतालिकेची वाट पाहायची, आणि प्रश्न रद्द झाला की तुमचं बरोबर उत्तर नि शेजारच्याचा तुक्का एका पंक्तीत बसतात.

शेवटी सर सी. व्ही. रामन. यांच्यावर दरवर्षी प्रश्न असतो, पण माणसाच्या नादाला लागू नका. हा गृहस्थ १९०७ मध्ये वित्त खात्याच्या स्पर्धा परीक्षेत पहिला आला. कलकत्त्यात असिस्टंट अकाउंटंट जनरल! तुम्ही ज्या दिवसासाठी पंख्याखालची जागा धरून बसला आहात, तो दिवस याला अठरा-एकोणिसाव्या वर्षी दिसला. पठ्ठ्या ऑफिस सुटल्यावर प्रयोगशाळेत जाऊन बसायचा, आणि १९१७ मध्ये ती नोकरी सोडून कमी पगारावर प्राध्यापक झाला. १९२१ मध्ये बोटीनं परत येताना याला भूमध्य समुद्राच्या निळाईचा प्रश्न पडला. वास्तविक उत्तर छापील होतं : समुद्रात आकाशाचं प्रतिबिंब दिसतं. देणाराही ऐरागैरा नव्हता, १९०४ चा नोबेलवाला लॉर्ड रॅले. पण यानं निकोल प्रिझम, म्हणजे परावर्तित प्रकाश अडवणारा स्फटिक, डोळ्याला लावून पाण्यावरचं परावर्तन काटलं, तरी निळा रंग जाईना. म्हणजे तो पाण्याचाच. मग पाण्याचे रेणू प्रकाशाचं करतात तरी काय, या नसत्या उठाठेवीत पुढची सात वर्षं गेली.

सुदैवानं हे काही विचारत नाहीत. तुमच्यासाठी त्यातून तीन ओळी निघतात : रामन परिणाम १९२८, नोबेल १९३०, राष्ट्रीय विज्ञान दिन २८ फेब्रुवारी. पर्यायांत ७ नोव्हेंबर दिसेल. फसू नका, ती त्यांची जन्मतारीख आहे. तिच्यावर वेगळा प्रश्न येतो.