एक स्टार, सातशे रुपये आणि तांदळातले दोन दिवस

नमस्कार साहेब,

तुमचा फोन वाचला नाही आणि त्यातले तुमच्या आईंचे फोटो गेले, याचं मला खरोखर वाईट वाटतं. गुरुवारी सकाळी फोन करून काय ते सांगतो असं मी म्हणालो होतो आणि केला नाही. ती चूक माझीच. माफ करा.

माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "पाच दिवस फोन अडकवून ठेवला, सातशे रुपये घेतले आणि डबडं हातात दिलं. आयपी ६८ फोन पाण्याने मरतो का? यांनीच उघडून बिघडवला. दुपारी जावं तर शटर खाली. चिपळूणला वेळेची किंमत नाही. लुटारू." बाकीचं मी गिळलं असतं. गिऱ्हाईक चिडलं की बोलतं, काउंटरवर बसायचं तर कातडी जाड लागते. पण ते "पाच दिवस" काही केल्या गिळवत नाही. काल रात्री जेवताना बायको म्हणाली, सोडून द्या. नाही सुटत.

माझ्याकडे जॉब स्लिप आहे. फोन घेताना मी गिऱ्हाइकाला विचारून त्याच्यासमोर लिहितो आणि खाली सही घेतो. तुमच्या स्लिपवर असं आहे: "मंगळ, ११.३० सकाळी. शनि. संध्या. गुहागर, समुद्र. चार्जिंग लावले २ वेळा. तांदूळ २ दिवस. डिस्प्ले आधी बदललेला? नाही म्हणाले." सही तुमची. आणि परत दिला शुक्रवारी संध्याकाळी सहाला. म्हणजे माझ्याकडे सव्वातीन दिवसांच्या आसपास. त्याआधी समुद्राकडे आणि तांदळाकडे मिळून पावणेतीन. त्यातलेही दिवस तुम्ही माझ्या खात्यावर कसे टाकलेत?

आता त्या पावणेतीन दिवसांत काय झालं ते सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी अर्धेजण मे महिन्यात समुद्रावर येणारच आहेत.

बर्म्युडाच्या खिशात फोन ठेवून तुम्ही गुडघाभर पाण्यात उतरलात, लाट आली, फोन भिजला. इथवर कुणाचाच दोष नाही. बाहेर काढल्यावर तो चालू होता, हे तुम्हीच सांगितलंत. तिथेच बंद केला असता तर गोष्ट वेगळी होती. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खारं पाणी वीज नेतं. फोन बंद दिसला तरी बॅटरी आतल्या आत जोडलेलीच असते, मग त्या पाण्यातून करंट जातो आणि बोर्डावरचं तांबं विरघळायला लागतं. त्यात तुम्ही रात्री गाडीच्या चार्जरला लावला, नाही झाला म्हणून तासाभराने पुन्हा लावला. खोलल्यावर मायक्रोस्कोपखाली मी तुम्हाला दाखवलं होतं, आठवत असेल. चार्जिंग पोर्टच्या मधल्या पिना काळ्या पडल्या होत्या आणि दोन तर जागेवरच नव्हत्या. चार्जिंग आयसीच्या, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपच्या, कडेने हिरवट पांढरा थर, जुन्या तांब्याच्या हंड्याला आतून येतो तसा.

आणि पोर्टमधून मी चिमट्याने काय काढलं तेही आठवत असेल. तांदळाचा अर्धा दाणा. फुगलेला. तुम्ही हसलात तेव्हा. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

तांदळात फोन ठेवायचं हे कुणी काढलं देव जाणे. ॲपलच्या मदतीच्या पानावरसुद्धा लिहिलेलं आहे की ओला आयफोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जातात. पण कण राहू दे, मीठ कुठे जाणार? मिठागरात काय करतात? पाणी उडू देतात, मीठ राहतं. तुम्ही रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात दोन दिवस छोटं मिठागरच चालवलंत. तांदूळ आमच्याकडे भाताला लागतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझं दुकान छपरापर्यंत बुडालं होतं. पाणी उतरल्यावर महिनाभर मी घराच्या ओटीवर बसून लोकांचे फोनच धूत होतो. आठवडाभर चिखलात पडलेले फोन आले आणि त्यातले बरेच उठले. का, ते मला पुढे लक्षात आलं. एक, ते नदीचं पाणी होतं, गाळ होता पण मीठ नव्हतं. दुसरं, गावात वीजच नव्हती. मनात असूनही कुणाला चार्जिंगला लावता आलं नाही. तुमच्या रिसॉर्टला त्या रात्री वीज नसती आणि गाडी लांब लावलेली असती, तर कदाचित मी हे उत्तर लिहीत बसलो नसतो.

आयपी ६८ बद्दल. तुम्ही काउंटरवर चार माणसांत मला विचारलंत, "तुम्हाला आयपी ६८ म्हणजे काय ते तरी माहितीय का?" माहितीय साहेब. सहा हा धुळीपासून बचावाचा आकडा, आठ पाण्यापासून बचावाचा. आठ म्हणजे कंपनीने स्वतः सांगितलेल्या खोलीला आणि वेळेला तपासलेलं, बऱ्याच फोनला दीड मीटर आणि तीस मिनिटं. तेही गोड्या, स्थिर पाण्यात, कोऱ्या फोनवर. लाटेत नाही. आणि पाणी शिरलं तर वॉरंटी नाही, हे त्याच कंपन्या बारीक अक्षरात लिहितात. जाहिरातीत मात्र पोरं फोन घेऊन स्विमिंग पूलमध्ये उड्या मारतात. त्या कंपनीला किती स्टार दिलेत ते मी विचारत नाही.

शिवाय तुमचा फोन कोरा नव्हता. डिस्प्ले एकदा बदललेला होता. खोलताक्षणी कळलं, कारण कंपनीची सील गेलेली आणि कडेने साधी डबल टेप, तीही एका कोपऱ्यात नव्हतीच. पाणी तिथूनच आत गेलं. स्लिपवर तुम्ही "नाही" म्हणालात. शुक्रवारी वहिनी हळूच म्हणाल्या, "अहो, मागच्या वर्षी ठाण्याला नव्हता का बदलला?" तेव्हा तुम्ही बाहेर जाऊन उभे राहिलात. मी काही बोललो नाही. आजही बोलायचं नव्हतं, पण "यांनीच उघडून बिघडवला" हे वाक्य तुम्ही सगळ्या गावासमोर लिहिलंय. माझं पोट या काउंटरवर आहे, आणि परगावचा माणूस हल्ली दुकानाची पायरी चढायच्या आधी स्टार बघतो.

दुपारच्या शटरचं. दीड ते चार माझं शटर अर्धं खाली असतं, हे खरं. तुम्ही लिहिलंत झोपा काढतात. रविवारी काढतो, कबूल. बाकी दिवशी तीच वेळ बोर्डाच्या कामाची असते. सकाळी काउंटरवर रिचार्ज, टेम्पर्ड ग्लास, कुणाचं व्हॉट्सॲप चालेना, कुणा आजोबांना अक्षरं मोठी करून हवीत. त्या गडबडीत मायक्रोस्कोपखाली तिळाएवढा कॅपॅसिटर उचलता येत नाही. तुमच्या फोनचं सगळं काम त्या बंद शटरच्या आतच झालं. मंगळवारी दुपारी बॅटरी वेगळी केली, बोर्डावरची पत्र्याची झाकणं काढली, ९९ टक्केवाल्या आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, बोर्ड धुतला, मग अल्ट्रासॉनिक धुण्याच्या मशीनमध्ये घातला. बुधवारी पॉवर सप्लायला लावला तर मेन लाइन शॉर्ट. एक कॅपॅसिटर चटका बसेल इतका तापत होता, तो काढला, शॉर्ट गेला. लोगो आला. मी दुकानातल्या पोराला हाक मारून दाखवला. वीस-पंचवीस सेकंदांत बंद. नवीन पोर्ट आणि चार्जिंग आयसी मुंबईहून मागवला, रात्रीच्या गाडीने गुरुवारी आला, बसवला, पुन्हा तेच. मग कळलं की रोग खाली प्रोसेसरपाशी गेलाय.

गुरुवारी सकाळी फोन का केला नाही, तर तो लोगो दिसला होता म्हणून. वाटलं, थेट चालू फोन हातात देऊ. आशा लावून बसलो आणि तुम्हाला ताटकळत ठेवलं. यात माझं चुकलंच. त्यातून पोराने फोन उचलून "होतंय, होतंय" सांगितलं तेही चुकलं.

फोटोंबद्दल तुम्ही लिहिलंय की "मेमरी काढून दुसऱ्या फोनला लावली असती तर डेटा मिळाला असता, यांना येत नाही." पूर्वीच्या फोनमध्ये असं करता यायचं. आताच्या फोनमध्ये मेमरीतला सगळा डेटा कुलूपबंद असतो आणि किल्ली त्याच फोनच्या प्रोसेसरमध्ये. मेमरी दुसरीकडे लावली तर नुसती रद्दी दिसते. म्हणूनच मी प्रोसेसर गरम करून उचलायला गेलो नाही. तसं करून हजार-दोन हजार आणखी लावता आले असते. मी पाटीवर लिहिलंय, खात्री नसेल तर हात नाही. तुमचे जुने फोटो गूगलवर होते, ते मी तुमच्या समोर वहिनींच्या फोनवर उघडून दाखवले. मधले नव्हते, कारण फुकटचे १५ जीबी भरल्यावर बॅकअप थांबला होता आणि नोटिफिकेशन तुम्ही बंद करून टाकलं होतं. १ जून २०२१ पासून गूगलवर फोटो ठेवणं अमर्याद फुकट नाही, हे मी रोज चार गिऱ्हाइकांना सांगतो, चौघंही मान डोलावतात. तुमचा मुलगा रडत होता त्याच्या गेमसाठी, गेस्ट म्हणून खेळत होता बिचारा, कुठे लॉगिनच नाही. त्याचं मला तुमच्या फोटोंइतकंच लागलं. लेव्हल चढवायला त्यानेही सुट्टी घालवली असणार.

पैशांचं थोडक्यात. तीनशे खोलून तपासण्याचे, चारशे धुण्याचे, दोन्ही स्लिपवर आधीच लिहिलेले, फोन चालू होवो न होवो. मुंबईहून आणलेल्या आयसीचे आणि पोर्टचे मी घेतले नाहीत. तेवढं लिहायचं राहिलं तुमच्याकडून. त्याच दिवशी शेजारच्याकडून तुम्ही हापूसच्या दोन पेट्या घेतल्यात, भावात घासाघीस न करता, आणि त्याला पाच स्टार दिलेत. आंबा त्याचा चांगलाच असतो, माझं काही म्हणणं नाही.

बदल करतोय. दुपारच्या वेळेची पाटी रंगवायला टाकली आहे. कामाचं काय झालं ते रोज व्हॉट्सॲपवर कळवायचं असं ठरवलंय, मुलगी कॉलेजातून सुट्टीला आली की बसवून देणार आहे. पोरालाही सांगितलंय की "होतंय" म्हणायचं नाही. आणखीही काही डोक्यात आहे, बघू. चारशे परत हवे असतील तर सांगा, वाद घालणार नाही. तीनशे मात्र माझ्या डोळ्यांचे आहेत.

आणखी एक. तुमच्या फोनचं कव्हर आणि सिमची पिन माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली होती, परवा आवरताना सापडली. दोनदा फोन लावला, तुम्ही उचलला नाहीत. कव्हरच्या आत पाचशेची नोट चौघडी करून ठेवलेली होती, समुद्राच्या पाण्याने चिकटून गेलेली. गोड्या पाण्यातून काढून पंख्याखाली वाळवली आहे, फाटलेली नाही. पत्ता कळवलात तर कव्हर, पिन आणि नोट कुरियरने पाठवतो. कुरियरचा खर्च माझा.