उलट्या अक्षरांपलीकडे

'बी आणि डी उलटे लिहिणं हे डिस्लेक्सियाचं पहिलं लक्षण' हे तुमच्या डिस्लेक्सियावरच्या (म्हणजे वाचन-लेखनातल्या अध्ययन अक्षमतेवरच्या) लेखातलं वाक्य मराठी शाळेतल्या पोरांना कसं लागू व्हायचं? आमच्या चिरंजिवांनी एकही अक्षर उलटं काढलं नाही. गाडी अडायची ती रफार, जोडाक्षरं आणि पहिल्या वेलांटीवर. 'सूर्य'चा 'सुर', 'पिशवी'ची 'पशिवी'. कविता मात्र ऐकून घडाघडा पाठ, पुस्तक उलटं धरलं तरी! त्यामुळे दुसरीपर्यंत आम्ही समजत होतो, वाचतोय. वहीत बाईंचा शेरा ठरलेला: 'आळशी आहे.'

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता येते, दहावीला जादा वेळही मिळतो, हे लेखात हवं होतं. आम्ही अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रासाठी धावलो ते थेट नववीत. तोवर त्याने स्वतःला 'ढ' ठरवून टाकलं होतं.