रॉकफेलर, ओवा आणि १९१०चा अहवाल

‘तेलसम्राट रॉकफेलरने पेट्रोलियमपासून औषधं काढली, ती खपावीत म्हणून १९१० साली फ्लेक्सनरकडून अहवाल लिहवून घेतला आणि होमिओपॅथी व वनौषधी बंद पाडल्या.’ हा मजकूर वर्षानुवर्षं एकमेकांना पाठवला जातोय. त्यात खऱ्याचा अंश आहे, पण तो भलत्याच ठिकाणी आहे.

‘अहवाल रॉकफेलरचा.’ नाही. तो कार्नेगी प्रतिष्ठानाने काढला. अब्राहम फ्लेक्सनरने अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालयं पाहिली. प्रवेशाची अट, प्रयोगशाळा, रुग्णालयाशी जोडणी तपासली. गोंधळ होतो तो त्याचा भाऊ सायमन हा रॉकफेलरांच्या वैद्यकीय संशोधन संस्थेचा प्रमुख होता म्हणून. स्वतः अब्राहम रॉकफेलरांच्या शिक्षण मंडळात गेला तो अहवालानंतर. रॉकफेलरांचा पैसाही नंतरच आला: १९१३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला १५ लाख डॉलर, प्राध्यापकांनी पूर्णवेळ शिकवावं या अटीवर. कुठलं महाविद्यालय तगणार, हे अशा देणग्यांनी ठरलं. टीका करायची तर इथे करावी.

‘औषधं पेट्रोलियमची.’ त्या काळची कृत्रिम औषधं दगडी कोळशाच्या डांबरातून यायची, तीही मुख्यतः जर्मनीतून. बायरची ॲस्पिरिन १८९९ची. रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीचा जीव रॉकेलात होता. तेलापासून रसायनं बनवण्याचा उद्योग उभा राहिला १९२० नंतर, आणि कंपनीची न्यायालयाने १९११ मध्येच ३४ शकलं केली होती.

‘होमिओपॅथीचा वैरी.’ थोरल्या रॉकफेलरचा स्वतःचा डॉक्टर, हॅमिल्टन बिगर, होमिओपॅथ होता. होमिओपॅथीवर राग होता तो त्याचा सल्लागार फ्रेडरिक गेट्स याचा. शिवाय १९०० मध्ये २२ असलेली होमिओपॅथी महाविद्यालयं अहवालाआधीच १५ वर आली होती.

वनौषधींचा मुद्दा तर रॉकफेलरांच्याच पहिल्या मोठ्या आरोग्य मोहिमेने खोटा पडतो. १९०९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या अंकुशकृमीविरुद्ध (हुकवर्म, आतड्यातला जंत) १० लाख डॉलर दिले गेले. औषध होतं थायमॉल, म्हणजे ओव्याच्या तेलातला घटक. पहिल्या महायुद्धापूर्वी त्यासाठीचा ओवा भारतातून जर्मनीला जायचा. आदल्या रात्री एप्सम सॉल्टचा जुलाब, सकाळी थायमॉल, काही तासांनी पुन्हा जुलाब. त्या दिवशी तेल, तूप, लोणी, दारू पूर्ण वर्ज्य: थायमॉल त्यांत विरघळतं, आतड्यात राहायचं सोडून रक्तात शिरतं आणि कृमीऐवजी रोग्यालाच विषबाधा होते. औषधाबरोबर संडास बांधायचे आणि पायांत बूट घालायचे, कारण अळ्या मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून आत शिरतात.

अहवालाची खरी जखम या मजकुरात कधीच नसते. कृष्णवर्णीयांची सात महाविद्यालयं होती. फ्लेक्सनरने हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच राखण्याजोगी ठरवली. उरलेली पाच पुढे बंद पडली, आणि तिथे शिकू शकले असते असे डॉक्टर कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांना मिळालेच नाहीत.