उलट्या वळणाचा वाल

जळगावात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की माणसाला दोनच कामं उरतात: कूलरमध्ये पाणी ओतणं आणि पावसाळ्याचे बेत करणं. आमचा कूलर बिघडला होता, म्हणून मी बेत केला. यंदा भाजी घरची. कुंपणाला वाल लावायचा.

मोठ्या मायनं गावाहून गावरान वालाचं मूठभर बी चिंधीत बांधून पाठवलं. मृगाचा पाऊस पडल्यावर मी ते टोकलं. सातव्या दिवशी माती फोडून वाकलेली मान वर आली. मीही मान वाकवूनच बघत होतो. पहिली ओळख तरी मोठी अदबशीर झाली.

मग कपाशीच्या पऱ्हाट्या आणून ताटी केली, सुतळ्या ताणल्या आणि वेलाचा शेंडा धरून सुतळीला चार वेढे दिले. सकाळी बघतो तर वेढे सुटलेले, शेंडा हवेत. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला. असा आठवडा गेला. शेवटी बायको चहा घेऊन आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, तो डावीकडून चाललाय, तुम्ही उजवीकडून पिळताय." खरंच, वाल वरून पाहिला तर घड्याळाच्या उलट वळतो. डार्विन म्हणे आजारपणात खोलीत पडून हॉपच्या वेलाचा शेंडा हवेत कसा गोल फिरतो ते बघत बसायचा. एका फेरीला साधारण दोन तास. त्याला कुणी चहा देताना टोमणा मारला होता का, हे मात्र कुठं वाचनात आलं नाही.

वळण कळल्यावर वेल असा सुटला की विचारू नका. राखीला बहिणीकडे भुसावळला गेलो, सायकल कुंपणाला टेकवलेली. तिसऱ्या दिवशी परतलो तर ब्रेकच्या तारेला सहा वेढे. वळण अर्थातच त्याचं. मी सायकल सोडवण्याऐवजी आठवडाभर रिक्षानं ऑफिसला गेलो.

पानं तळहाताएवढी, फुलाचा मात्र पत्ता नाही. मला वाटलं, बिचारा उपाशी आहे. घातला युरिया. पानं ताटाएवढी झाली. पुन्हा घातला. दूधवाल्याला फाटक सापडेना. नंतर कळलं, वालाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतलं नत्र ओढून त्याला घरपोच देतात. घरात विहीर असलेल्याच्या दारात मी टँकर उभे करत होतो! वरून नत्र जास्त झालं की वेल नुसता पाल्यावर जातो, ते वेगळंच.

सप्टेंबरात मोठ्या मायला फोन लावला. ती आधी पोटभर हसली. "आते कशान्या शेंगा? थंडी पडू दे ना भो!" गावरान वालाला दिवस लहान अन् रात्र मोठी झाल्याशिवाय फुलोरा येत नाही. म्हणजे जूनपासून तो वेळेवरच होता, घाई एकट्या मला होती.

दिवाळीच्या सुमाराला जांभळे तुरे आले. पाठोपाठ काळा मावा आला, माव्याच्या गोडव्याला मुंग्या आल्या. मी निंबोळी अर्क फवारला, त्या वासानं घरातली माणसं पांगली, मावा दोन दिवसांनी पांगला. आणि शेंगा धरल्या. घोसच्या घोस. सगळे कुंपणापलीकडे, कारण ऊन तिकडे.

परवा पलीकडच्या काकू झाकलेली वाटी घेऊन आल्या. वाल-वांग्याची भाजी, काळा मसाला, शेंगदाण्याचं कूट, वर तेलाचा तवंग. मी उभ्याउभ्याच अर्धी संपवली.

"भाऊ, आमच्या कंपाउंडला कुठला तरी जंगली वेल आलाय," काकू म्हणाल्या. "ना खत, ना पाणी. अन् शेंगा बघा किती! तुमचा का हो असा नुसता पाला?"

मी वाटी पुसून परत दिली आणि भाजी अजून आहे का ते विचारलं.