रेडीमिक्सवाला बाहेरचा कसा?
लेखात म्हटलंय, माल पोचवणारा ड्रायव्हर साइटचा कामगार नाही, मग सरकारी बांधकामावरच्या कामगारांना कायद्याने द्यावा लागणारा किमान मजुरीदर, म्हणजे ‘प्रिव्हेलिंग वेज’, त्याला कशाला? मी कॅलिफोर्नियात साइट इंजिनिअर आहे. रेडीमिक्सवाला, म्हणजे तयार काँक्रीट आणणारा ट्रकचालक, नुसता माल टाकून जात नाही हो! ड्रम फिरता ठेवतो, फोरमनच्या हाताकडे बघत काँक्रीट सोडतो, मग पन्हळ धुणं वेगळंच. इथे १ जुलै २०१६पासून त्याला हा दर लागू आहे, प्लँटवर माल भरण्यापासून परतीच्या फेरीपर्यंत. कंपन्या कोर्टात गेल्या. २०१८मध्ये नवव्या सर्किट न्यायालयाने (हे अमेरिकेचं संघीय अपील न्यायालय) हा कायदा उचलून धरला. या कायद्यात खडी-डांबरवाले मात्र नाहीत. ते का, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.